गांजावाली वैनी

आमच्या बिल्डिंगमधली पोरं सत्यवतीताईंना पाठीमागे ‘गांजावाली वैनी’ म्हणत. ज्या बाईला सकाळच्या मिश्रीपलीकडे कसलं व्यसन ठाऊक नाही, तिला हे नाव. आणि नाव ठेवणारे कोण, तर दुपारी तिच्याच हातची भाकरी खाणारे. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो आहे. मी अँब्रोज, वसईचा ख्रिस्ती माणूस, फर्निचरच्या शोरूममध्ये हिशेब लिहितो. मला त्यांच्या गावकीची भीती नाही, म्हणून बोलता आलं. ज्यांना होती ते गप्प बसायचे, आणि सगळी गोष्ट त्या गप्प बसण्याचीच आहे.

बहरीनमधल्या नईम भागातली आमची बिल्डिंग जुनी, जिना अरुंद, कठडा लोखंडी. मधल्या मजल्यावर एका बाजूला आमचं घर आणि समोर गावकीची खोली. राजापूरच्या खाली, खाडीकाठच्या एका गावातली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहत आली आहेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांशी माझं अजून बोलणं आहे. कोणी ड्रायव्हर, कोणी प्लंबर, कोणी एसीवाला. काहीजण जिदहफ्सला राहतात, काही बुदैयाकडे बागांमध्ये कामाला आहेत, पण त्यांचं ग्रामस्थ मंडळ भरतं ते ह्याच खोलीत. वरच्या मजल्यावर गच्चीला लागून सत्यवतीताईंची एक खोली. पहाटे ऑफिसांच्या साफसफाईची शिफ्ट करायची, दहा वाजता परत येऊन चूल पेटवायची आणि दुपारी ह्या सगळ्यांना जेवू घालायचं, हा त्यांचा दिवस. नवरा लवकर गेला. माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे गावकीतून सुटायला दुसरी वाटच नव्हती.

मंडळ बहरीनचं, पण त्याचा हुकूम चालायचा गावात. देवळाचा पत्रा, शाळेची भिंत, पालखीचे चांदीचे दांडे, सगळं इथल्या कमाईतून गेलेलं. इथल्या खोलीत एखाद्याचं नाव कापलं, की तिकडे त्याच्या घराशी गाव बोलायचं थांबे. ह्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते ‘वाळीत’ हा शब्द तोंडातून काढत नसत. ‘बाद’ म्हणत. शब्द बदलला की पाप धुतलं जातं असं पुष्कळांना वाटतं, त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांनाही मी धरतो.

मंडळाचा एक जुना नियम होता. ज्याच्याजवळ नशेचा पदार्थ सापडेल तो बाद, आणि त्याचं घरही बाद. सत्यवतीताईंचा धाकटा भाऊ प्रवीण त्या नियमाने बाद झाला. ताई सासरच्या घरात धरल्या जात, म्हणून त्या सुटल्या.

आता त्याच्याकडे सापडलेल्या पुडीचं सांगायला हवं. त्यांच्या गावाच्या वेशीवर राखणदाराचा दगड आहे. रजा संपवून निघालेला प्रत्येक पुरुष आधी तिथे जातो. गुरव चिलीम पेटवून दगडापुढे ठेवतो. चिलमीत काय असतं हे सगळ्यांना ठाऊक, पण कोणी उच्चारत नाही. चिलीम विझली की आत जे उरेल ते, राख आणि अर्धा जळलेला हिरवट चुरा, गुरव वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून देतो. मानकऱ्यांच्या घराला लाल दोरा, बाकीच्यांना पांढरा. ती पुडी पाकिटात ठेवायची आणि पुढच्या रजेपर्यंत काढायची नाही. राखणदाराला समुद्र ओलांडता येत नाही, म्हणून त्याला बरोबर न्यायचं. वर्षानुवर्षं ही माणसं त्याला खिशात घालून विमानतळावरून पार झाली, आणि आपण काही नेतो आहोत हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. देवाला कोण तपासणार?

एका कुत्र्याने तपासलं. प्रवीण एसीचं काम करायचा. एका साईटच्या गेटवर पोलिसांची तपासणी चालू होती, कुत्रं त्याच्या मागच्या खिशाशी बसलं आणि उठेना. तो म्हणाला, देवाचं आहे. दुभाष्याने त्याचं काय केलं ते दुभाष्याला माहीत.

बातमी आली त्या संध्याकाळी समोरच्या खोलीतला फ्लश थांबेना. एक जण बाहेर येई, दुसरा आत जाई. मी बायकोला म्हटलं, ह्यांच्या आमटीत काहीतरी पडलंय. पुड्यांचं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची पाचावर धारण बसली होती. पाकिटं रिकामी करून झाल्यावर त्याच खोलीत बैठक बसली आणि प्रवीणला एकमताने बाद केलं. एक जण जरी साक्षीला गेला असता, ही आमची रीत आहे, आम्हा सगळ्यांकडे असते, एवढं म्हणाला असता, तर काही झालं असतं की नाही कोण जाणे. पण साक्षीदाराच्या पाकिटातही हात गेला असता. म्हणून कोणी गेलं नाही.

प्रवीण तुरुंगात राहिला, मग बहरीनला परत यायचा बॅन लागून घरी गेला. घरी बायको रंजिता आणि दोन लहान मुली. दुकानदार उधार काय, रोखीनेही देईना. त्यात शिमगा आला. त्यांच्याकडे शिमग्यात पालखी घरोघर येते, अंगणात नाचते, घरातली बाई ओटी भरते. रंजिताने अंगण सारवलं, रांगोळी घातली, ताट तयार ठेवलं. ढोल वाजत पालखी आली आणि प्रवीणच्या दारावरून सरळ पुढे गेली. चांदीच्या ज्या दांड्यांवर ती होती, त्यांत प्रवीणची वर्गणी होती. दुसऱ्या दिवशी तो खाडीत सापडला. पाय घसरला म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कोणी पाहिलं नव्हतं. त्याला खांदा द्यायला गाव आलं नाही. शेजारच्या मोहल्ल्यातला इक्बाल आणि त्याचे भाऊ आले आणि त्यांनी त्याला नेलं. मला त्या माणसाला एकदा भेटायचं आहे.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात जिन्यातला आवाज सुरू झाला.

प्रवीण इथे असताना जेवायला यायचा तो हातातल्या पान्याने कठड्यावर ठोकत. टण्, टण्, टण्. तो आवाज ऐकून वर ताई तव्यावर भाकरी टाकायच्या, आणि तो दारात पोचेपर्यंत ती फुगलेली असायची. बहिणीला एवढीच ऑर्डर द्यायची त्याची पद्धत. जूनमध्ये दुपारी उघड्यावरची कामं बंद होतात, माणसं खोलीवर येऊन पडतात, माझी शिफ्टही तुटक असल्याने मी घरी असतो. अशा एका भर दुपारी, बिल्डिंग निपचित पडलेली असताना, मी ते ऐकलं. खालून वर. टण्, टण्, टण्. आमच्या दारापुढून गेलं आणि वर जाऊन थांबलं. मी दार उघडलं तर जिना रिकामा. मी स्वतःला सांगितलं, पाइप. उन्हाने जुने पाइप वाजतात. मग वरून भाकरी थापल्याचा आवाज आला.

समोरच्या खोलीनेही ते ऐकलं होतं. त्यांचा समज वेगळा. राखणदाराला त्यांनी संडासात सोडलं होतं, आता तो काठी टेकत दारोदार आपली माणसं शोधतो आहे, असं त्यांना वाटे. दुपारी बारानंतर जिन्यात एकट्याने कोणी जाईना. जेवायला वर जायचे तेही घोळक्याने. ताईंच्या दाराबाहेर एक वाढलेलं ताट असायचं, त्याला पाय लागू नये म्हणून भिंतीला पाठ घासत आत शिरायचे. जेवताना कोणी मान वर करत नसे. मी पाइपवालाच राहिलो. पण खरं सांगतो, दुपारची झोप माझीही गेली.

एके दिवशी मी ताईंना विचारलं की ते ताट कशासाठी. त्या म्हणाल्या, तो रोज येतो आणि ताटाकडे बघून परत जातो. त्यांच्याकडे पितृपक्षात मेलेल्याचा म्हाळ घालतात. गावकीतल्या माणसांनी पानावर बसून जेवलं तर ते मेलेल्याला पोचतं. बाद झालेल्या घरी कोणी जेवत नाही, म्हणून पहिल्या वर्षी प्रवीणचा म्हाळ झालाच नाही. रंजिताने रांधलेलं सगळं गाईगुरांना गेलं. आमच्यात मेलेल्यांसाठी मिस्सा देतात. पाद्रीने माझ्या बापाची मिस्सा नाकारली असती तर मी काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी त्या बाईला पाइपाचं काही सांगितलं नाही.

ताईंना एकच गोष्ट हवी होती. येत्या पितृपक्षात गावच्या माणसांनी प्रवीणच्या नावाने जेवावं. त्यासाठी नियम बदलायला हवा होता, आणि नियम मंडळाच्या मतानेच बदलतो. मंडळात बायकांना मत नाही. बैठकीला बसायचीही परवानगी नाही. ज्यांना रोज वाढायचं त्यांच्याकडेच दान मागायची पाळी आली, तशी त्यांनी कंबर कसली.

त्यांचं मागणं सरळ होतं. जवळ सापडलं म्हणून कोणी बाद नाही. विकताना सापडला तर बाद. माझी मुलगी रेबेका मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. ती म्हणाली, “पपा, दॅट्स डिक्रिमिनलायझेशन.” परदेशात लोक ह्यावर गावोगाव प्रचार करतात, मतपेट्या लावतात, असं तिने मला समजावलं. मी ते वर जाऊन ताईंना सांगितलं. त्यांना त्या देशांचं काही पडलं नव्हतं. त्या देशांत मेल्यावर जेवायला कोण येतं, असं त्यांनी विचारलं.

शुक्रवारी मिस्सा आटोपली की मी त्यांना माझ्या जुन्या गाडीतून फिरवत असे. बुदैयाकडे गाडीशिवाय गती नाही. जिदहफ्सला एका बेकरीच्या माडीवर गावची माणसं राहायची, तिथे गेलो. ताई चपला काढून दारातच बसायच्या, आत जायच्या नाहीत. चहा घ्यायच्या नाहीत. सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. हे बघा वैनी, गांजाला मोकळीक दिली तर उद्या पोरं बिघडतील. देश परका, कायदा कडक. नाव खराब होईल. हे सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांचं बोलून झालं की ताई बोलणाऱ्याकडे सरळ बघून एकच विचारायच्या.

“तुझी पुडी खंय आसा?”

बस्स. ह्यापलीकडे प्रचार नाही, आर्जव नाही, रडणं नाही. समोरचा खाली बघायचा. कोणी म्हणे, टाकली. कोणी म्हणे, मी आणलीच नव्हती. एक मात्र मी दर वेळी पाहिलं. प्रश्न आला की माणसाचा हात मागच्या खिशाकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय, हाताला अजून कळलेलं नाही. बुदैयाला एका नर्सरीत झाडांना पाणी घालणारा एक म्हातारा तर हातात पाइप तसाच धरून उभा राहिला. पाणी त्याच्या पायावर पडत होतं, आणि तो ताईंकडे बघेना.

त्यांना गांजावाली वैनी हे नाव ह्याच दिवसांत पडलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत काही एका गावाची नाही. ताईंनी ते नाव ऐकलं होतं. त्याच दुपारी त्यांनी त्या पोरांना नेहमीसारखंच वाढलं. मी म्हटलं, दोन दिवस चूल बंद ठेवा, झक मारत मत देतील. त्यावर त्या माझ्यावर एवढ्या संतापल्या की आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अन्न अडवून मिळालेलं मत प्रवीणला कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. दाराबाहेरच्या ताटाकडे रोज बघून परत जाणाऱ्याची ती बहीण. मला आधीच कळायला हवं होतं.

राहता राहिले पांडुरंग. मंडळाचे अध्यक्ष, शाळेची बस चालवणारे, मानकऱ्यांच्या घरातले. प्रवीणला बाद करणारा निर्णय त्यांनीच वाचून दाखवला होता. मला हा माणूस आवडत नसे, पण तो दुष्ट नव्हता. ताई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की एकाच्या खिशात सापडलं की पोलीस सगळ्या खोलीचे खिसे बघतात. तीस घरांच्या चुली इथल्या व्हिसांवर पेटतात. प्रवीणला मंडळात धरून ठेवलं असतं तर सगळेच बुडाले असते. सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून त्यांनी ते केलं.

ताई म्हणाल्या, “माझ्या भावान तुमच्यापेक्षा येगळा काय केल्यान?”

पांडुरंगांनी मतदानाला होकार दिला. अट एवढीच की मत गुप्त असेल आणि मोजणारा गावाबाहेरचा असेल. त्यांना जिंकण्याची खात्री होती, असं मला तेव्हा वाटलं. मोजणारा म्हणून मला बोलावलं. मी ख्रिस्ती, म्हणून निःपक्षपाती. मी ताईंना गाडीतून फिरवत होतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण बहुतेक त्यांना चालणार होतं.

चिठ्ठीवर लिहायचं तर अक्षर ओळखलं जाईल. म्हणून दाण्यांवर मतदान ठरवलं. नियम बदलायचा तर तांदूळ, नको तर कुळीथ. प्रत्येकाला दोन्हींतला एकेक दाणा आणि कागदाचा एक चौकोन द्यायचा. त्याने बंकबेडच्या पडद्याआड जायचं, हवा तो दाणा कागदात बांधायचा आणि पुडी स्टीलच्या डब्यात टाकायची. दुसरा दाणा खिशात. दाणे आणि डबा ताईंच्याच घरचे होते. पुडी हा शब्द त्या दिवशी तिथे कोणीही वापरला नाही. मीही नाही.

मतदान पितृपक्षाच्या पहिल्या शुक्रवारी झालं. जिदहफ्सचे आले, बुदैयाचे आले, पायांवर पाणी सांडणारा म्हातारा नवा शर्ट घालून आला. ताई बाहेर जिन्यात पायरीवर बसल्या. एकेक जण पडद्याआड जाई. काहीजण आत फार वेळ लावत होते. एक दाणा बांधायला इतका वेळ का लागतो, असं मनात आलं. एसी चालू असून खोली कोंदट झाली होती. शेवटी पांडुरंग गेले, बाहेर आले, डब्यात हात घातला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

मी डबा पालथा केला. पांढऱ्या कागदाच्या पुड्या पडल्या, आणि त्यांच्यात पिवळ्या पडलेल्या, वर्तमानपत्राच्या, दोऱ्याने बांधलेल्या. माझ्या लक्षात यायला उशीर लागला. आधी पांढऱ्या उघडल्या. तांदूळ, कुळीथ, कुळीथ, तांदूळ, कुळीथ. कुळीथ जास्त होते. मग मी पहिली पिवळी उघडली. आत राख होती, राखेत हिरवट चुरा, आणि तो वास. मी दुसरी उघडली. तिसरी उघडली. सगळ्यांत राख. राखेच्या पुड्या तांदळापेक्षा जास्त होत्या, कुळथापेक्षाही जास्त.

त्या संध्याकाळी फ्लश ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काहीच सोडलं नव्हतं. एकमेकांना ऐकू जावं म्हणून नुसतं पाणी ओढलं होतं. राखणदाराला संडासात सोडायची छाती कोणाची होणार? प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांनी टाकली, आपण एकटेच चोर. प्रवीणला बाद करायला हात वर केला तेव्हा त्यांच्या खिशात तेच होतं जे त्याच्या खिशात सापडलं होतं. तो तुरुंगात होता तेव्हाही होतं. त्याच्या दारावरून पालखी पुढे गेली तेव्हाही होतं.

मी परक्या देशात बसलेला बायकामुलांचा माणूस, आणि तुरुंगात जायला पुरेल एवढं माझ्या पुढ्यात पसरलेलं. पण मोजणी अर्धवट सोडता येत नव्हती. मी शेवटची पुडी उचलली. तिला लाल दोरा होता. मी ती उघडायच्या आधीच सगळ्यांचे डोळे पांडुरंगांकडे गेले. त्यांनी मान खाली घातली नाही.

मी विचारलं की ही मतं कशात धरायची. एक तरुण घाईने म्हणाला की ती बाद, नियमात राख नाही, तांदूळ किंवा कुळीथ एवढंच होतं, मोजणाऱ्याने कुळीथ जिंकले म्हणून सांगावं. त्याचा मुद्दा बरोबर होता. हिशेबाच्या माणसाला तेच सांगणं भाग होतं.

पांडुरंग त्याला म्हणाले, “मगे आपण सगळेच बाद.” आणि माझ्याकडे वळून, “ती तांदळात धरा.”

कोणी विरोध केला नाही. तो म्हातारा रडायला लागला होता. पांडुरंग उठले, दार उघडलं आणि जिन्यात गेले. ताई पायरीवर तशाच बसल्या होत्या. निकाल वगैरे काही न सांगता त्यांनी विचारलं, “वैनी, म्हाळ कधी आसा?”

ताई म्हणाल्या, “येत्या शुक्रवारी. सगळ्यांनी येवचा.”

राखेचा डबा ताईंनी वर नेला. बादलीत पाणी घेऊन सगळी राख तिच्यात कालवली आणि हात जोडून गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतली. तेव्हापासून मी त्यांच्याकडे कढीपत्ता मागत नाही.

गावाला फोन गेला. म्हाळाच्या दिवशी तिकडेही माणसं रंजिताच्या घरी जेवायला जाणार असं ठरलं. रंजिताने नणंदेला विचारलं की जे खांदा द्यायला आले नाहीत ते आता पाय धुवायला पाणी मागतील, ते मी द्यायचं का. ताईंनी सांगितलं, दे. आणि इक्बालला पहिलं बोलाव. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि वाटाणे भिजत घातले.

शुक्रवारी ताईंची खोली पुरेना, म्हणून जिन्यापर्यंत पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. पांडुरंगांनी आंघोळ करून उघड्या अंगाने पाणी सोडलं आणि प्रवीणचं नाव घेतलं. ते नाव त्या बिल्डिंगमध्ये मोठ्याने कोणी घेतलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. प्रवीणचं पान दाराबाहेर, ताट असायचं त्याच जागी. बाराचा सुमार होता. जेवायला सगळे बसले, पण कोणाचं लक्ष पानात नव्हतं. घास तोंडाशी नेऊन माणसं जिन्याकडे कान लावून होती. मीही त्यांच्यात बसलो होतो. आज तो आला तर काय करायचं, कोणी उठायचं, कोणी जागा द्यायची, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तो आला नाही. बाराचा एक झाला, दोन झाले. कठडा गप्प होता. हळूहळू माणसं सैल झाली, कोणी दुसऱ्यांदा खीर मागितली, कोणी हलक्या आवाजात बोलू लागलं. हात धुऊन एकेक जण ताईंच्या पाया पडून खाली गेला. त्या दुपारी समोरच्या खोलीत माणसं घोरत पडली होती. कित्येक महिन्यांनी मी ते ऐकत होतो.

मी पानं उचलायला मदत म्हणून थांबलो. ताई चुलीपाशी उभ्या होत्या. म्हाळाला वडे होते, भाकरीचं काही काम नव्हतं. तरी परातीत एका भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं होतं आणि रिकामा तवा तापत होता.

“आज पायप वाजले नाय?” त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या. मी त्यांना भाऊ गेल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या की दारोदार फिरले ती ह्याचसाठी, तो जेवावा आणि सुटावा म्हणून, आणि आता तो सुटला आहे तर छातीत मावत नाही. निदान आज येऊन वाजवून जाईल असं वाटलं होतं. मग पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “मी माझ्या हातान त्येका धाडलंय.” मी पानं उचलली, पिशवीत भरली आणि खाली नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला झोप लागेना. बिल्डिंगला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत होतं. पाइप तेच होते, ऊनही तेच होतं. वरून भाकरी थापल्याचा आवाज येत नव्हता. मी गाडीच्या चाव्यांचा जुडगा घेतला, दार हळूच उघडलं आणि जिन्यात गेलो. तीनदा वाजवायचं, एवढंच. एका बाईने एक भाकरी तव्यावर टाकावी, ह्यात कोणाचं काय जाणार होतं? मी कठड्याजवळ हात नेला.

वरच्या पायरीवर ताई बसल्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या मांडीवर प्रवीणचा, इथेच राहिलेला पाना होता, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता.

“नको, अँब्रोजभाव,” त्या म्हणाल्या. “वाजवलात तर तो परत येतलो.”

मी चाव्या खिशात टाकल्या आणि त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसलो. चार वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो, मग माझी शिफ्ट होती.